चार नंबरची सही

आधीच सांगून ठेवते. या सदरात येणारे निम्मे अनुभव मी भाजी निवडताना वाचते आणि हसते. पिंपळाखालची बाई, उलटे पाय, मागे वळून बघू नकोस... माझं वय एकावन्न. त्यातली सव्वीस वर्षं गाड्यांच्या धंद्यात गेली. अंधारात रस्त्यावर कोण उभं असतं ते मला चांगलं माहीत आहे — प्यायलेला माणूस, मोकाट गुरं, नाहीतर मागे लाइट नसलेला ट्रॅक्टर. चौथं कोणी मी पाहिलेलं नाही. आजही मी कोणाला पाहिलं असं म्हणणार नाही. जे आहे ते कागदावर आहे, आणि तेही इंजिनीअर लोकांच्याच कागदावर. म्हणून तर संताप होतो.

कर्जतला दहिवलीत आमचं आवार आहे. त्यात चार मिनीबस. धंदा नवऱ्याने सुरू केला, पण त्याच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तो शेत बघतो आणि गाड्या मी. ड्रायव्हर मला वैनी म्हणतात. काम एकच: कशेळे, कर्जत या बाजूचे कामगार खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात पाळीच्या वेळेला पोचवायचे आणि परत आणायचे. कारखान्याचं नाव देत नाही, आमचं पोट त्याच्यावर आहे. गाड्यांच्या मागे पिवळ्या रंगात मोठे आकडे घातलेत, एक ते चार.

दीड वर्षापूर्वी कारखान्याच्या सांगण्यावरून आमच्या गाड्यांत डब्या बसल्या. गाड्यांनी गाड्यांशी बोलायचं, असा एक प्रयोग या रस्त्यावर चालू आहे. सीटखाली एक काळी डबी, समोर एक लहान स्क्रीन. मी इथे आहे, इतक्या वेगात आहे, आता ब्रेक मारला, आता थांबले — असं ती डबी सेकंदाला कितीतरी वेळा हवेत सांगत असते. तीनशेएक मीटरच्या आतली दुसरी डबी ते ऐकते आणि आपल्या ड्रायव्हरला सावध करते. वळणापलीकडे, धुक्यात, ट्रकच्या आड, जिथे डोळा पोचत नाही तिथलं कळतं. रस्त्याकडेलाही त्यांनी चार-पाच खांब उभे केलेत. त्यांच्यावरचे डबे सगळं ऐकून नोंदवून ठेवतात. कल्पना चांगली आहे. चांगल्याला मी चांगलंच म्हणते.

पहिल्याच मीटिंगला मी विचारलं होतं, "उद्या कोणा टवाळाने खोटंच सांगितलं की पुढे गाडी उभी आहे, तर?"

प्रकल्पाच्या इंजिनीअर तन्वी मॅडम, मुलगी हुशार आणि सरळ, त्यांनी नीट समजावलं. प्रत्येक बोलण्याखाली डबीची सही असते. ती सही डबीच्या आत कुलूपबंद. बाहेर काढता येत नाही, नक्कल करता येत नाही. ऐकणारी डबी आधी सही तपासते, खोटी असली की दुर्लक्ष करते. सही खरी आहे एवढंच तिला कळतं, कोणाची आहे ते नाही कळत. ते ऑफिसात बसून शोधावं लागतं. आणि एखादी डबी बंद करायची झाली की तिची सही रद्द होते. तशी यादी सगळ्या डब्यांना आणि खांबांना जाते. मग ती कितीही ओरडली तरी तिचं कोणी ऐकत नाही.

"म्हणजे मेलेल्याच्या नावाने मतदान होत नाही, तसं," मी म्हटलं.

"मतदानाचं मला माहीत नाही," तन्वी मॅडम म्हणाल्या, "पण इथे नाही होत."

आता आमची चूक सांगते, नाहीतर म्हणाल बाई फक्त दुसऱ्याच्या चुका मोजते. डबी ज्या गाडीची, तिच्यातच राहायला हवी. पण आमच्या आवारात ती अक्कल नव्हती. आम्हाला वाटलं डबी म्हणजे जॅक — या गाडीतून काढायची, त्या गाडीत टाकायची. तीन नंबर गॅरेजला गेली तेव्हा तिची डबी आम्ही दोन नंबरमध्ये लावली, कारण दोनची नीट चालत नव्हती. मीच लावायला सांगितली. प्रकल्पवाल्यांनी लेखी समज दिली, सगळ्या डब्यांना सील ठोकलं. झालं. पुन्हा केलं नाही. पण एकदा केलं होतं, हे त्यांच्या फायलीत राहिलं.

चार नंबर चालवायचे शांतारामभाऊ. वय अठ्ठावन्न, आमच्याकडे सगळ्यात जुने. माणूस सोन्यासारखा आणि वेळेच्या बाबतीत डोक्याला ताप. त्यांचा एक नियम होता. रस्त्यावर झाड पडलंय, तेल सांडलंय, खड्डा उघडा आहे असं दिसलं की गाडी अलीकडे उभी करायची, चारही इंडिकेटर लावायचे आणि मागून दुसरी गाडी येईपर्यंत जागचं हलायचं नाही. दुसरा आला की त्याला तिथे उभं करायचं, तो उभा राहिला की आपण सुटायचं. घाटातले जुने ड्रायव्हर असं करायचे म्हणे. करायचे असतील, त्यांना कारखान्याच्या गेटवर वेळ गाठावी लागत नव्हती.

एकदा पळसाचं झाड पडलं म्हणून हे पाऊण तास उभे. बावीस माणसं पाळीला उशिरा गेली. आवारात सगळ्यांसमोर मी विचारलं, "शांतारामभाऊ, तुम्ही काय रस्त्याचे मालक आहात? फांदी टाकायची, दगड लावायचा, निघायचं."

"फांदी कोन पन उचलतोय वैनी," ते म्हणाले. "दगड पोरं ढकलत्यात. गाडी दिसती."

"आणि आपला उशीर?"

"मला ठावं हाय ना पुढं काय हाय. मागच्याला ठावं नाय."

याच्यावर मी आणखी मोठ्याने बोलले. तेवढंच सांगते, जास्त नाही.

गेल्या श्रावणात शांतारामभाऊ घरी, झोपेतच गेले. रस्त्यावर नाही, अपघातात नाही, त्यामुळे त्या पद्धतीची गोष्ट कोणी जोडू नये. चार नंबरचं इंजिनचं काम निघालंच होतं. आम्ही ती आवारात विटांवर चढवली, बॅटरी काढली, इंजिन उतरवून मेकॅनिककडे दिलं. डबी चालू नाही म्हणून मी रीतसर अर्ज केला. प्रकल्पवाल्यांनी सही रद्द केल्याचं पत्र दिलं. डबी काढून मी ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवली. ते न्यायला येणार होते, आले नाहीत.

दसऱ्याला मात्र ती बाहेर निघाली. तीन गाड्यांची पूजा झाली, झेंडू झाले, आणि दोन नंबरचा ड्रायव्हर अनंता म्हणाला, "वैनी, शांतारामकाकाची डबी पन द्या. गाडी उभी हाय म्हनून काय झालं." दिली. त्याने तिला ओलं हळदकुंकू असं थापलं, वर अक्षता अशा दाबल्या, की वायर लावायचं भोक बुजून गेलं. मी ओरडले, "अरे, ते यंत्र आहे, पाटा-वरवंटा नाही." तो म्हणाला, "मग यंत्राचीच तर पूजा असतीय ना दसऱ्याला." डबी तशीच परत कपाटात गेली. किल्ली माझ्या पर्समध्ये. कपाटाला दुसरी किल्ली नाही.

आता तो दिवस. जानेवारी, मंगळवार, पहिली पाळी. त्या दिवशी मी दोन नंबरमध्ये पुढच्या सीटवर होते, कारण गेटवर दोन नंबरच्या उशिराच्या तक्रारी होत्या आणि उशीर कुठे होतो ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. कशेळ्याहून निघालो, कर्जतला उरलेल्या बायका चढल्या, सव्वासहाच्या आत चौक गावाकडच्या रस्त्याला लागलो. एकवीस माणसं, त्यातल्या सतरा बायका. नदीकडून धुकं आलेलं, असं की वायपर चालू ठेवावा लागत होता. तरी अनंता चाळीसच्या आसपास होता. मी शेजारी बसल्यामुळे वेळ गाठायच्या नादात असणार, त्याला दोष देत नाही.

कशेळ्याची कमल, पॅकिंगला आहे, जीभ धारदार, ती मागून म्हणाली, "अनंताभाऊ, आज मालकीन शेजारी बसली तर गाडी कशी सरळ चालतीय."

"गप बस गं. रस्ता बघू दे," अनंता म्हणाला.

"रस्ता हाय कुठं बघायला?"

तेवढ्यात डबी वाजली. स्क्रीनवर लाल खूण: पुढे थांबलेलं वाहन. अडीचशे मीटर. अनंताने पाय काढला. दोनशे. दीडशे. आम्ही दोघं काचेला नाक लावून बघत होतो, पुढे पांढरं सोडून काही नाही. मागच्या दिव्याचा लाल ठिपकासुद्धा नाही.

"आहे का रे?" मी विचारलं.

"दिसत नाय वैनी, पन हाय म्हनतीय."

साठ. चाळीस. त्याने गाडी अगदी रांगायला लावली आणि पंधरा मीटरवर थांबवली. चारही इंडिकेटर लावले. पुढे काही नाही. हॉर्न दिला, उत्तर नाही. स्क्रीनवरची लाल खूण आणखी जराशी राहिली आणि गेली.

अनंता टॉर्च घेऊन उतरला. मीही उतरले. तीस-पस्तीस पावलं गेलो आणि त्याने माझा दंड धरला. आमची बाजू पूर्ण आणि पलीकडची निम्मी, रस्ता आडवा कापलेला. खाली चर, माझ्या छातीएवढा खोल. आत सिमेंटचा पाइप उतरवायचा असणार. फळी नाही, दोरी नाही, लाल फडकं नाही. मातीचा ढीग होता तोही पलीकडच्या अंगाला, म्हणजे आमच्या बाजूने आलेल्याला चर थेट स्वागताला. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता अनंता याच रस्त्याने परत आला तेव्हा रस्ता अखंड होता. संध्याकाळी कोणीतरी यंत्र आणून खोदलं आणि घरी जेवायला गेलं.

एकवीस माणसं घेऊन चाळीसच्या वेगाने त्यात गेलो असतो तर काय झालं असतं, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

कमल उतरून आली, कडेला वाकून खाली बघितलं. मग म्हणाली, "आनी थांबलेली गाडी कुठं हाय?"

मला वाटलं पलीकडच्या अंगाला असेल, निघून गेली असेल. तेव्हा इतकंच.

चराच्या कडेने मोटरसायकल निघेल एवढी जागा होती, मिनीबस नाही. मी म्हटलं, "फिरव गाडी, दुसरीकडून जाऊ."

अनंता हलला नाही. "मागनं कोन तरी येऊ दे वैनी."

मी घड्याळ बघितलं आणि गाडीत जाऊन बसले. पस्तीस मिनिटं उभे राहिलो. मग भाजीचा टेंपो आला. त्याच्या ड्रायव्हरला अनंताने चर दाखवला आणि सांगितलं, आता तू उभा राहा. तो कुरकुरला, "मी काय पोलीस हाय का?" पण बायका चहूकडून इतक्या तुटून पडल्या की राहिला. मग आम्ही फिरलो. गेटवर पन्नास मिनिटं उशीर.

इथपर्यंत यात अमानवीय काही नाही. खोदणाऱ्यांचा मात्र अमानुषपणा आहे. पोलिसांत तक्रार मी त्याच दिवशी दिली. खोदकाम कोणाच्या आदेशाने झालं, ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी कारखान्याच्या ट्रान्सपोर्ट विभागाच्या साहेबांनी बोलावलं. वाटलं, आभार मानायला. खोलीत ते होते, प्रकल्पाचे एक मोठे साहेब होते आणि तन्वी मॅडम लॅपटॉप उघडून खाली मान घालून बसल्या होत्या.

"तुमच्या ड्रायव्हरने डबीशी छेडछाड केली आहे," मोठे साहेब म्हणाले.

"कोणी?"

"अनंता. ती जी सूचना आली ती चार नंबरच्या डबीवरून आलेली आहे."

मी म्हटलं, चार नंबर विटांवर आहे. तिला बॅटरी नाही, इंजिन मेकॅनिककडे पडलंय. आवार तिथून नऊ किलोमीटर लांब, आणि तुमची डबी बोलते तीनशे मीटर.

"म्हणूनच," ते म्हणाले. "म्हणजे डबी तिथे होती. तुमच्या ड्रायव्हरला खोदकाम माहीत होतं. त्याने आदल्या रात्री डबीला बॅटरी जोडून तिथे नेऊन ठेवली आणि नंतर उचलली. याआधीही तुम्ही डब्या अदलाबदल केल्यात."

"माहीत होतं तर तो त्या रस्त्याने गेलाच कशाला? आणि रद्द झालेल्या डबीचं कोणी ऐकत नाही म्हणालात ना?"

"नाही ऐकत."

"मग आमच्या गाडीने ऐकलं कसं?"

"त्यासाठी त्याने काहीतरी केलं असणार."

अनंताला स्वतःच्या फोनवर गजर लावता येत नाही. त्याची बायको लावून देते. हे मी त्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, "हे लोक दाखवतात तसे नसतात."

हे लोक. एकवीस माणसं जिवंत आली त्याबद्दल एक शब्द नाही. ज्याने पाय ब्रेकवर ठेवला तो गुन्हेगार. आणि का, तर यांची सही पक्की आहे म्हणून. सही खोटी असू शकत नाही, म्हणून माणूस खोटा असला पाहिजे. मला सांगा, हे कुठलं गणित?

ट्रान्सपोर्टच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, चौकशी होईपर्यंत अनंता गाडीवर नको. छेडछाड असं एकदा लिहून गेलं की इथल्या कुठल्याच कारखान्याच्या गेटातून त्याला गाडी आत नेता येणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं. अनंता त्रेचाळीस वर्षांचा आहे, गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही शिकलेला नाही.

आवारात येऊन त्याला सांगितलं. तो चार नंबरकडे बघू लागला. मग विचारलं, "वैनी, खरंच चारची सही हाय?"

"असं म्हणतात."

"मग झालं तर."

"काय झालं तर? तुझी नोकरी जातेय."

"काका उभा होता," तो म्हणाला. जेवलात का विचारावं इतक्या साधेपणाने.

मी त्याला झापलं. असलं काही तिथे बोललास तर वेडा ठरशील, एवढं तरी कळतं का. दुसऱ्या दिवशी बघते तर कोणीतरी चार नंबरच्या बंपरवर नारळ फोडलेला आणि उदबत्ती. दोन्ही काढून फेकलं. मला अनंता गाडीवर हवा होता, गावात देवस्थान नको होतं.

सोमवारी चौकशी. मी कपाट उघडलं, डबी जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि घेऊन गेले. त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवली. "घ्या. तपासा."

तन्वी मॅडमनी आधी सील बघितलं. शाबूत. मग डबी फिरवली आणि वायर लावायचं भोक बघितलं. दसऱ्याचं हळदकुंकू वाळून दगड झालेलं, त्यात अक्षतांचे दाणे रुतलेले. त्यांनी टाचणीने टोकरलं. एक दाणा निघाला, खालच्या पिना हिरव्या पडलेल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "याच्यात गेले तीन महिने वायर गेलेली नाही. जाऊच शकत नाही. आत बॅटरी नसते या मॉडेलला."

मोठे साहेब म्हणाले, "मग दुसरी डबी बनवली असेल."

"सहीची नक्कल होत नाही, सर."

"मग सिस्टिमची चूक असेल."

"सर, आपण लिहून दिलंय की अशी चूक होऊ शकत नाही."

मला त्या मुलीचं कौतुक वाटलं. मी म्हटलं, "तुमच्या खांबाने काय ऐकलं ते वाचा तरी. मलाही कळू दे मी कोणामुळे जिवंत आहे."

साहेबांनी मान डोलावली. तन्वी मॅडम वाचू लागल्या. सुरुवातीला आवाज ऑफिसचा होता. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटं: चार नंबर, कर्जतकडून, वेग अडतीस. ब्रेक. थांबली. चारही इंडिकेटर चालू. मग एक्केचाळीस मिनिटं तेच: थांबलेली, इंडिकेटर चालू, थांबलेली, इंडिकेटर चालू. सहा बावीसला दोन नंबर मागे येऊन थांबली. दोन नंबरचे चारही इंडिकेटर चालू.

त्यांनी स्क्रीन सरकवून मागच्या ओळी पुन्हा बघितल्या.

"पुढे?" मी विचारलं.

"दोन नंबरचे इंडिकेटर लागल्यावर आठ सेकंदांनी चार नंबरचे बंद झाले. मग ती निघाली. वेग बारा."

"कुठे निघाली?"

"सरळ. खालापूरकडे."

"तिथे चर होता," मी म्हटलं.

"हो मॅडम. चरावरून."

मला पळसाचं झाड आठवलं आणि आवारात मी काय काय बोलले होते तेही आठवलं. दुसरा आला की त्याला उभं करायचं, तो उभा राहिला की आपण सुटायचं. ही गोष्ट मी त्या खोलीत सांगितली नाही. सांगून उपयोग काय होता? त्यांच्या फायलीत त्याला रकाना नव्हता.

अनंता गाडीवर परत आला. निम्मं श्रेय कुंकवाला, निम्मं कमलला. तिने बायकांना घेऊन गेटवर सांगून टाकलं होतं, "अनंताभाऊ नाय तर आमी पन नाय. चालत येऊ, दुपारी पोचू."

पण गोष्ट मिटली नाही. सगळ्या ऑपरेटरांना पत्र आलं: रद्द झालेल्या डबीवरून सूचना आल्यास चालकाने दुर्लक्ष करावे. ती सूचना रद्द डबीची आहे हे गाडीतल्या ड्रायव्हरला कळतच नाही, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात नाही. आणि कळलं तरी? मी माझ्या ड्रायव्हरांना तोंडी सांगितलंय, थांब म्हणाली की थांबायचं. कोण म्हणतंय ते नंतर बघू.

दुसरं, फाइल बंद करायला त्यांचा एक फॉर्म आहे. त्यात एक रकाना: सूचना देणाऱ्या वाहनाचा चालक. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, रकाना रिकामा ठेवू नये. ट्रान्सपोर्टच्या साहेबांनी मला फोनवर सुचवलं, "मॅडम, अनंताचं नाव टाका ना. फॉर्मॅलिटी आहे, फाइल बंद होईल." म्हणजे छेडछाड कबूल. आणि टाकलं नाही तर अनंता कागदोपत्री चौकशीतच राहणार.

मी फॉर्म भरला. चार नंबरचा चालक कोण हे माझ्या हजेरीच्या वहीत आहे, तेच नाव लिहिलं — शांताराम, पुढे वडिलांचं नाव, आडनाव, बिल्ला क्रमांक. आठवड्याने परत आला. शेरा: चालक मयत आहे, दुरुस्त करून पाठवावे. मी तसाच पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला, या वेळी लाल शाईत.

मला याचं स्पष्टीकरण माहीत नाही. भूतखेतांवर माझा विश्वास कालही नव्हता, आजही नाही. शांतारामभाऊंना मी तिथे पाहिलेलं नाही. नऊ किलोमीटरचं कोडं मला सुटत नाही, रद्द झालेली सही सगळ्यांनी कशी ऐकली तेही नाही, आणि बारा किलोमीटरच्या वेगाने मोकळ्या चरावरून काय गेलं याचा विचार मी करत नाही, कारण मला पहाटे चारला उठायचं असतं. तन्वी मॅडमनाही विचारलं. त्या म्हणाल्या, सही खरी आहे, यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

सही खरी आहे ना? मग झालं तर.

फॉर्म परवा तिसऱ्यांदा परत आला. टेबलावर आहे. नाव मी दुरुस्त करणार नाही.